एरंडेल प्यालेले बूट

आबा,

तुमच्या चपलांची करकर आधी यायची, मग तुम्ही. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक लांब कर्रर्र, वळणावर जरा थांबून दुसरी, आणि उंबऱ्याशी शेवटची, ठसक्यात. गल्लीतली माणसं म्हणायची, चपला आल्या, म्हातारा मागनं येतोय. त्या आवाजाचा तुम्हाला केवढा गर्व! चप्पल लाईनीतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही स्वतः पायात घालून फरशीवर चार येरझारा मारायचा आणि म्हणायचा, "पायतान बोललं पायजे." लहानपणी मला ती करकर कवितेच्या चालीसारखी वाटायची. वर्गात गुरुजी वृत्त म्हणायला लागले की मी बाकाखाली पाय घासून तसा आवाज काढायचा प्रयत्न करायचो. आता आठवते तेव्हा एवढंच मनात येतं, की ज्याचं पायताण एवढं बोलतं, त्याच्या कानात दुसऱ्याचं बोलणं शिरावं कुठून?

तुम्हाला पत्र लिहायचं काही कारण नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि जिवंत होता तेव्हाही आपण एका घरात राहून निरोपानंच बोलायचो. पण काल राजारामपुरीत गेलो होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून बूट बघायला. आता तिथं बुटांची काचेची दालनं झाली आहेत. आत गारवा, कसलंसं परदेशी गाणं, आणि भिंतीवर एकेक बूट असा ठेवलेला, की पूजेचा टाकच. सकाळी रंकाळ्यावर कमरेला बाटल्या बांधून धापा टाकणारी जी नवी जमात निघालीय, त्यांची ही देवळं. डोक्याला जेल लावलेला एक विक्रेता माझ्या पायाशी बसला, अंगठा दाबला, आणि म्हणाला, "सर, थोडे टाइट वाटतील, पण दोन दिवसांत पायाला बसतात." मी मोठ्यानं हसलो. त्याला वाटलं, म्हातारा सरकलाय. आबा, एवढा गारवा, एवढ्या काचा, आणि आत बसलाय कोण? तुम्हीच. फक्त धोतर सोडून पँट घातलेले.

तर लिहायला बसलोय. तुमच्या नातीच्या बुटांची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत होती. उरलेली आज सांगतो.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील, तुमच्या बाजूनं. पोरगी कॉलेजात गेली होती आणि लांबचं पळायला लागली होती. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, मला पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहाटे स्कूटर घेऊन तिच्या मागनं जायचो. रस्ता मोकळा, उसाच्या फडावर धुकं, आणि पुढं तिची वेणी पाठीवर आपटत चाललेली. तिला श्वास पुरत नव्हता, तेव्हा मी तिला भुजंगप्रयात शिकवला. लगागा, लगागा. एक छोटा, दोन लांब. तोंडानं नको म्हणूस, पायानं म्हण, असं सांगितलं. आणि काय सांगू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खरंच वृत्तात पळायला लागली. जन्मभर मी पोरांच्या माथी वृत्तं मारली, कुणाच्या तोंडात ती टिकली नाहीत. माझ्या मुलीच्या पायांत टिकली. मागून स्कूटरवरून मी ऐकायचो आणि माझे डोळे भरायचे. वाऱ्यानं, असं तिला सांगायचो.

पण पायात काय? पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेच्या कवायतीचे, खडूनं पांढरे केलेले. तळ पापडासारखा. डांबरी रस्त्यावर रोज पळून तिच्या नडग्या दुखायच्या, नखं काळी पडायची. मग आम्ही बापलेक बूट शोधत हिंडलो. त्या काळच्या दुकानदारांबद्दल काय बोलावं! एकानं मुलांचे बूट पुढं टाकले आणि म्हणाला, "पुढं कापूस भरा की, झ्याक बसत्यात." दुसऱ्याला मी म्हटलं, मुलीच्या मापाचे पळायचे बूट हवेत, तर तो माझ्याकडं न बघता गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाला, "आता पोरी कुठं पळायला लागल्या रं?" आणि दोघं हसले. तिसरा त्याहून हुशार. "पावणं, हे न्या. पळायला बी चालतंय, लग्नात बी चालतंय." बूट सोनेरी पट्ट्यांचा होता. जे जरा बरे दिसायचे त्यांची किंमत ऐकून आम्ही ते हळूच खाली ठेवायचो, आणि दुकानाबाहेर येऊन पोरगी म्हणायची, "रंग नाही आवडला, बाबा."

आणि मग एकदा मिळाले. आडबाजूच्या एका दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ खात पडलेले. मालकाच्या मेहुण्यानं मुंबईहून आणलेले, बायकांचं माप, म्हणून कुणी घेतले नव्हते. "पडूनच हायत, न्या जावा स्वस्तात," असं तो म्हणाला, उपकार केल्यासारखं. पोरगी ते घालून दुकानाच्या दारातून जी बाहेर पळाली, ती पार कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत. रिक्षावाले बघताहेत, मालक ओरडतोय, "आवो पोरगी बूट घेऊन पळाली की!" आणि ती परत येते, लाल झालेली, आणि म्हणते, "टाचेला धरतो बाबा, आणि बोटांना सोडतो." आबा, चांगली ओळ कशी असावी ते मी इतकी वर्षं शिकवत होतो, आणि मला ते इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

विद्यापीठाच्या संघाची निवड आठवड्यावर आली होती. दहा किलोमीटर पळायचं, पहिल्या काही जणींना संघात घेणार. तिचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष, पुढं संधी नाही. घरात तिनं ते बूट तुमच्यापुढं ठेवले, पाया पडली. तुम्ही एक उचललात, वास घेतलात, वाकवून बघितलात. तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो, दुसऱ्याच्या दुकानातला माल बघतानाचा. "कातडं न्हाय," तुम्ही म्हणालात. "आन् चावतंय का?" ती म्हणाली, "नाही आबा, अजिबात नाही." त्यावर तुम्ही मान हलवलीत. "मग हे पायतान न्हवं. पयलं चावतंय, मग बसतंय. जे पयल्या दिवशी चावत न्हाय ते मागनं दगा देतंय."

मी म्हटलं, "आबा, हे रबर-फोमचं आहे, याला कोल्हापुरीचे नियम लावू नका." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "कविता शिकीव जा."

त्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेत, पोरगी कॉलेजात, तुमची सून बाजारात. आणि तुम्ही दुकानातली एरंडेलाची बाटली घेऊन घरी आलात. नव्या चपलेला पाजतात तसं त्या बुटांना तेल पाजलंत. आतनं, बाहेरनं, शिवणीशिवणीत, बोटानं चोळून. मग गच्चीवर उन्हात ठेवलेत, वर आणखी तेल ओतलंत. चांगलं मुरू दिलंत. तिला कळू नये म्हणून कापडात गुंडाळून कपाटात लपवलेत, आणि ती शोधायला लागली तेव्हा गालात हसत म्हणालात, "माझ्याकडं हायत. पळायच्या दिवशी देतो." आम्हाला वाटलं, म्हातारा पूजा-बिजा करतोय. तिचे जुने कॅनव्हासचे बूटही तुम्ही कुणाला तरी देऊन टाकलेत. "जुनं घरात असलं की नवं रुसतंय." प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडं एक म्हण तयार. बहुतेक तुम्हीच केलेली.

निवडीच्या सकाळी तुम्ही कापड सोडलंत. बूट चकाकत होते. वास घरभर. पोरीनं हात लावला आणि तिची बोटं तेलकट झाली. मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं. तुम्ही दारात उभे, नवी टोपी घातलेली, डोळ्यांत काय तो आनंद. "आता बग," तुम्ही म्हणालात, "आता कसं बसतंय ते बग."

आता ऐका, कसं बसलं ते. विद्यापीठाच्या रस्त्यावर पहिला चढ आला तोवर तिचा पाय आतल्या आत सरकत होता. फोमनं तेल पिऊन घेतलं होतं, डिंकानं पकड सोडली होती. दुसऱ्या वळणावर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. फट, फट, फट. भुजंगप्रयात कुठला, आबा? नुसती फटफट. बाजूला उभी असलेली पोरं हसत होती. मी बघतोय, ती थांबते, वाकते, दोन्ही बूट काढते, माझ्या दिशेनं फेकते, आणि अनवाणी पळायला लागते. ऊन वर आलेलं, डांबर तापलेलं, रस्त्याच्या कडेला खडी. तिनं सोडलं नाही. शेवटपर्यंत पळाली. पण संघ ठरला तेव्हा त्यात ती नव्हती. तळव्यांचं कातडं सुटलं होतं. मी तिला उचलून स्कूटरवर बसवलं, तेव्हा पहिल्यांदा रडली. दुखतंय म्हणून नाही. "आबांना सांगायचं नाही," असं म्हणून रडली.

घरी आलो तर तुम्ही जिन्यात उभे. "बसलं का?" तिनं पायात माझे मोठे मोजे घातले होते, पट्ट्या झाकायला. हसून म्हणाली, "बसलं की, आबा. एकदम बसलं. नंबर थोडक्यात हुकला."

आणि तुम्ही काय केलंत? दुसऱ्या दिवशी दुकानात गेलात आणि सगळ्या लाईनीला सांगितलंत. गिऱ्हाइकांना सांगितलंत. "माझ्या नातीचं फारीनचं बूट चावत न्हवतं, म्या तेल पाजून वळणावर आणलं." शेजारचे दुकानदार माना डोलवायचे. मरेपर्यंत तुम्ही ती गोष्ट सांगत होता, आणि दर वेळी त्यात थोडं तेल वाढत होतं. तुमच्या त्या ज्ञानाला, आबा, माझा कोपरापासून नमस्कार. एवढ्या खात्रीनं चुकायलासुद्धा एक पोच लागते.

ती पुन्हा पळाली नाही. मी एक-दोनदा विषय काढला, तर म्हणायची, "आता कशाला, बाबा." मग उचगावात दिली तिला. जावई शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, माणूस चांगला. ती नोकरी करते, संसार करते, सणाला येते. इथं असली की पहाटे जागी होते, गॅलरीत उभी राहून रस्त्याकडं बघते, आणि मी उठलोय असं दिसलं की चहा ठेवायला आत जाते. तेवढं बघितलं की माझा दिवस जातो.

हे पत्र टाकायचं कुठं, ते मला माहीत नाही, आणि टाकायचंही नाही. कोपऱ्यावरच्या पेटीवर आता कसल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे, तेही बरंच झालं. एक मात्र कबूल करतो. तुमच्यानंतर मी खूप मूर्ख माणसं बघितली, शाळेत, सभांत, कालच्या त्या गार दुकानात. त्यांच्यावर दोन मिनिटं चिडतो आणि विसरतो. तुमच्याएवढा मन लावून तिटकारा करावा, असा माणूस मला पुन्हा मिळाला नाही.

दार वाजतंय. इतक्या सकाळी दूधवालासुद्धा येत नाही.

उघडून आलो. दारात विहीणबाई. उचगावहून, एकट्या, रिक्षानं. हातात टॉवेल आणि कपड्यांची पिशवी.

"काय झालं? पोरगी कुठाय?"

"मागनं येतीया. पळत."

"पळत? का? कुणाला काय झालं?"

"कुणाला काय हुतंय? रोज पळतीया की, दिवाळीपास्नं. तुमास्नी सांगू नगा म्हणली हुती. आज म्हणली, बाबांच्या दारापतुर जाते. म्या म्हटलं जा, म्या म्होरं जाऊन पाणी तापवाय सांगते. उबं काय ऱ्हायलाय, पावणं? हंडा ठेवा."

मी हंडा उचलला आणि विचारलं, "पायात काय घातलंय तिनं?"

"आपल्या नातवाचं बूट. त्येला ल्हान झालं, हिला बरुबर बसलं. घरातच पडल्यालं, इकत कशाला घ्याचं?"

"चावत नाहीत?"

विहीणबाईंनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "चावाय ते काय कुत्रं हाय व्हय?"

त्या आत खुर्चीवर बसल्यात. हंडा गॅसवर चढवलाय. आबा, इथंच थांबतो. मला खाली रस्त्यावर जाऊन उभं राहायचंय.