शनिवारचं एरंडेल

गारखेडा,
श्रावणातला मंगळवार

प्रिय दीपमालाताई,

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी सुरुवातीलाच नमूद करते की, गेले अकरा महिने मला हाताला क्रीम लावता आलेलं नाही. हा छळ लहान नाही. आपल्या शहराची हवा तुम्हांला माहीत आहे. माघात ओठ फुटतात, फाल्गुनात टाचा आणि वैशाखात माणसाचा स्वभाव. अशा गावात पन्नाशीतली एक बाई खोबरेल तेलाचं साधं बोट मनगटाला लावू शकत नाही. परवा दुधाची पिशवी देताना दूधवाल्यानं माझा तळहात बघितला आणि काळजीनं विचारलं, "काकू, घराचं बांधकाम काढलंय का?" या सगळ्याला जबाबदार व्यक्ती एकच आहे, ती सिडकोत राहते, आणि हे पत्र तिलाच आहे.

कारण तुम्हांला ठाऊक आहे. आमच्या हॉलमधला खांब. ओवीनं लॉकडाऊनमध्ये मागवलेला, फरशी आणि स्लॅबच्या मध्ये ताणून बसवलेला, गुळगुळीत स्टीलचा, नाचायचा खांब. ओवी नोकरीला बंगळूरला गेली, खांब राहिला. आशाबाई धुणंभांडी उरकून जाताना त्यावर फडकी वाळत घालायच्या, तुमचे भाऊ त्याला टेकून पेपर वाचायचे. एका महालक्ष्म्यांना तर आपण त्याला केळीचा खुंट बांधून मखरातच घेतला होता, आणि तुम्ही म्हणाला होतात, चला, पोरीचं एक तरी खूळ देवाच्या कामी आलं. मग माझा खांदा आखडला. डॉक्टरांनी रोज थोडं लोंबकळायला सांगितलं, आणि घरात लोंबकळण्यासारखी तेवढीच एक वस्तू होती. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पुरण शिजत होतं, माणसं यायला तासभर होता, म्हणून मी ओवीची हाफपँट चढवून दहा मिनिटं उरकून घेत होते. तुम्ही लवकर आलात. महालक्ष्म्यांचा फोटो काढायला फोन हातातच होता. पुढचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ मला तोंडपाठ आहे. मी खांबाला चिकटते, सातव्या सेकंदाला सुटते, आणि उरलेले चार सेकंद फरशीवर बसून छताकडे बघते, जसं काही छतानंच मला ढकललं. मागून तुमचं हसू. तुम्ही तो "आपला परिवार" या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, "आमच्या वहिनीची समुद्रमंथनाची तयारी." त्रेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपात. तुमच्या भावानं उत्तरादाखल जोडलेले हात टाकले. बोट घसरलं म्हणे. त्या दिवशी घरात घसरण्याचीच हवा होती. दुपारी त्यातल्याच तीसेक जणांना मी पुरणपोळ्या वाढल्या, आणि तूप मागताना एकेकानं पानाकडे बघून हसून घेतलं. तुम्ही मात्र पानाकडे बघण्याचीही तसदी घेतली नाहीत.

खरकटी ताटं उचलता उचलता मी ठरवलं. पुढच्या महालक्ष्म्यांना, याच हॉलमध्ये, याच माणसांसमोर, मी याच खांबावर मांड्यांच्या कात्रीवर बसून दोन्ही हात सोडणार आणि तीस आकडे होईपर्यंत राहणार. आकडे मोठ्यानं मोजायला तुम्हांलाच लावणार. मध्यंतरी माझ्या रविवारच्या सदरात एक आगाऊ नणंद येऊन गेली, ती तुम्ही वाचली असणार. नाव बदललं होतं, पैठणीचा रंग बदलला नव्हता. ती नुसती चुणूक होती.

पण सूड घ्यायचा तर आधी पकड हवी. ओवीनं व्हिडिओ कॉलवर पहिला धडा दिला, "आई, ती लेगिंग काढ. कापड घसरतं, कातडी धरते." दुसरा धडा क्रीमबंदीचा. मग औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं आणि खांब वरपासून खालपर्यंत पुसायला लागले. शेजारणीला वाटलं, घरात कुणाला तरी गळू झालंय. क्रीडासाहित्याच्या दुकानातून पांढरी भुकटी आणली. दुकानातला पोरगा म्हणाला, किती वर्षांच्या मुलासाठी हवीय. आशाबाईंनी सुचवलं म्हणून एकदा खांब चिंचेच्या कोळानं घासला. त्यानं पकड आली नाही, पण आठवडाभर हॉलला आमटीचा वास होता. थंडीत कळलं की गार स्टील धरवत नाही, आधी हातानं चोळून ऊबदार करावं लागतं. उन्हाळ्यात उलटंच, कातडी इतकी कोरडी पडते की ओल्या फडक्याचा हात मांडीला लावल्याशिवाय ती धरतच नाही. हे सगळं मी वहीत लिहीत गेले. सहा आकडे, नऊ, चौदा. माघात एकोणीस.

आणि दर रविवारी सकाळी, तीन.

सोमवारी परत चढत जायचं, शुक्रवारपर्यंत वीस, आणि रविवारी पुन्हा तीन. खांब चकचकीत, हात लावला की सटकन खाली. मी बोट चोळून वास घेतला. एरंडेल. माझ्या घरात, माझ्या खांबाला, कुणीतरी दर शनिवारी एरंडेल फासत होतं.

आता तुम्हीच सांगा, मी कुणावर संशय घ्यायला हवा होता? शनिवारी दोन ते पावणेचार तुम्ही वडिलांना, म्हणजे तात्यांना, भेटायला येता. त्याच वेळी मी सदर द्यायला छापखान्यात असते. तुमचे भाऊ झोपलेले असतात, ते घरात असले तरी साक्षीदार म्हणून निरुपयोगी. मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. व्हिडिओवरचं हसू एकवेळ थट्टा म्हणून खपेल. बाटली घेऊन वहिनीच्या खांबाला तेल लावणारी नणंद खपली नसती. मी फाल्गुनातल्या एका शनिवारी सांगितलं की भद्रा मारुतीला खुलताबादला जातेय, यायला संध्याकाळ होईल. पिशवी घेतली, जिना उतरले, मागच्या बाजूनं परत चढले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड फोन तयार ठेवून उभी राहिले. दीड तास. तुमच्यासाठी माझ्या टाचांनी काय सोसलं ते वेगळंच.

तुम्ही गॅलरीत बसून फोनवर बोलत होतात. पावणेचारला उठलात, तात्यांना "येते" म्हणालात आणि गेलात. बाटली नाही, काही नाही. माझा असा हिरमोड झाला की सांगता सोय नाही.

आणि मग तात्या उठले.

त्यांनी आपल्या ट्रंकेतून एरंडेलाची बाटली काढली, मऊ धुतलेलं फडकं काढलं. धोतराचा काचा मारला. खांबाला नमस्कार केला आणि बुडापासून वर, हात पोचेल तिथपर्यंत, तेल जिरवायला लागले. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, चहाचा कप धरताना ज्याचा हात थरथरतो, तो हात त्या खांबावरून सरळ रेषेत चालला होता. ताई, अजिंठ्याजवळच्या आपल्या गावात तात्यांनी तीस वर्षं पोरांना मल्लखांब शिकवला. सागवानी मल्लखांबाला एरंडेल लावावंच लागतं. लाकूड तडकत नाही, अंग सोलत नाही. स्टील तेल पीत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर स्टील नव्हतंच.

माझ्या हातातला फोन दाराच्या कडीला लागून वाजला. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "दिपे, तिथं काय हुभी राहिली? ये. आज पोरं नाय, कुणी नाय."

मी पंचवीस वर्षं या घरात आहे. तात्या माझ्याशी जी वाक्यं बोलले असतील त्यांतली निम्मी मिठाबद्दल होती. मी म्हणणार होते की तात्या, मी भानुमती. पण ते पुढं म्हणाले, "त्या दिवशी लई चूक झाली माझी. मंडळी बसली हुती समोर. चढ तू. आईला सांगू नगं."

मी चढले. तेलात जेवढं चढता येतं तेवढी चढले आणि खाली आले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हातानं धरू नगं. हात साक्षीला. धरायचं काम मांडीचं."

पुढच्या शनिवारी छापखान्यात जाऊन आल्यावर पुन्हा तेच. मग मी वेळच बदलून घेतली. तुम्ही गेल्यावर मी घरात असते. ते तेल लावतात, शिकवतात, दमून झोपतात. मग मी स्पिरिटनं सगळा खांब पुसून काढते. त्यांनी ट्रंकेतून राळेची पुरचुंडी काढून दिली, तळव्याला चोळायला. त्या चिमूटभर राळेनं जे केलं ते माझ्या त्या पांढऱ्या भुकटीच्या अख्ख्या डब्यानं केलं नव्हतं. टाच कुठं आवळायची, श्वास कधी सोडायचा, सगळं त्यांचं. आणि तुकड्यातुकड्यानं मला तो दिवसही कळला. तुम्ही अकरा वर्षांच्या होतात. शाळेमागच्या मैदानात पोरांच्या आधी खांबावर चढून वर बसलात. समोर गावची मंडळी बसली होती. मुलींनी दोरीवरचा मल्लखांब करायचा, खांबावरचा नाही. तात्यांनी दंडाला धरून तुम्हांला खाली ओढलं, आणि सगळे हसले. तात्यांना अजून ते ऐकू येतं. व्हिडिओच्या मागचं तुमचं हसू मी त्यानंतर पुन्हा एकदा ऐकलं. पहिल्यासारखा राग आला नाही, याचा मला फार राग आला.

आता जे लिहितेय ते तुमच्या भावानं लिहू नको म्हणून सांगितलंय. "ताई हळवी आहे, तिला सोसायचं नाही." हळवी म्हणजे तुम्ही, हे मी ऐकून घेतलं. तुम्ही आलात की तात्या खुर्चीतून उठतात, "या बाई, बसा" म्हणतात. तुम्ही एकदा फोनवर कौतुकानं कुणाला तरी सांगत होतात, आमचे तात्या मुलीलासुद्धा उठून मान देतात. ताई, त्यांना वाटतं तुम्ही शाळा तपासायला आलेल्या बाई आहात. तुम्ही गेल्यावर मला विचारतात, "शेरा काय लिहिला बाईंनी?" मी सांगते, चांगला लिहिला. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. आज जे आठवतंय ते दिवाळीला आठवेलच असं नाही.

ही 'बाईं'ची गोष्ट मी महालक्ष्म्यांच्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगणार होते. खोटं कशाला सांगू. मी तीस आकडे पूर्ण करणार, खाली उतरणार आणि मग अगदी सहज विचारणार, ताई, तुमचे वडील तुम्हांला कोण समजतात, ठाऊक आहे का? कागदावर लिहून, दोनदा घासूनपुसून ठेवलं होतं. चांगलं जमलं होतं. सदरात असं वाक्य वर्षाकाठी एखादंच साधतं.

मग परवाच्या शनिवारी मी तीस आकडे पूर्ण केले. हात सोडून. तात्यांनी मोजले, बावीसनंतर चोवीस म्हणाले, म्हणून मी वर एक आकडा जास्त थांबले. खाली उतरले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास दिपे. तवाच चढू द्यायला पायजे हुतं." मी "व्हय तात्या" म्हटलं. गेले पाच महिने दर शनिवारी म्हणत आलेय. पण घरात सासऱ्याचा हात डोक्यावर पडायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि पडला तो दुसऱ्याच्या नावानं. तो ठेवून घेता येईना. ज्याचं त्याला द्यावं, एवढ्यासाठीच हे पत्र. भेटीत सांगता आलं नसतं, भेटीत तुम्ही बोलता. येत्या शनिवारी नेहमीसारख्या दोनला येऊ नका, चारला या. समोरून गेलात तर पुन्हा "या बाई, बसा" होईल. केसांची एक वेणी घाला, पायांतलं काढा आणि खांबाकडं तोंड करून उभ्या राहा. चढायची गरज नाही, नुसतं धरा. त्या दिवशी मी खांब पुसायला येणार नाही, तेल तसंच राहील. पोळ्या झाकून मी गच्चीवर जाईन. तात्या मागून "दिपे" म्हणतील. त्या हाकेला यापुढं मी ओ देणार नाही.

तुमचीच,
भानुमती