खुणेवर पाय

३ फेब्रुवारी ७४, रविवार
आज पुन्हा चुकले. सोप्यातला शॉट. दारातून ताट घेऊन यायचं, फरशीवर खडूनं काढलेल्या फुलीवर थांबायचं, वर बघून "दादा, जेवून तरी जा" म्हणायचं. एवढंच. दर वेळी फुलीच्या अलीकडेच थांबले. कॅमेऱ्याचे असिस्टंट शिंदे टेप लावून अंतर धरून ठेवतात. मी वीतभर मागं राहिले की तोंड धूसर येतं. एकदा खाली बघितलं तर डायरेक्टर ओरडले, "खाली काय सांडलंय का बाई?" सगळे हसले. मीही.
फिल्म वाया जाते. माझ्यामुळे.

४, सोमवार
अप्पांना विचारलं. वडीलच माझे मास्तर, नाटकातलं सगळं त्यांनीच शिकवलं, घरीच, माजघरात. म्हणाले, "नजर शेवटच्या रांगेवर ठेव. पाय आपोआप येतात की."
इथं शेवटची रांग नाही. नुसती कॅमेऱ्याची एक काच.

५, मंगळवार
कळलं. अक्कानं पकडलं. थोरली बहीण म्हणून ती सोबतीला येते, कोपऱ्यात क्रोशा विणत बसते. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "अगं, तू रांगोळी चुकवायलीस."
खरंच. लहानपणी दारातल्या रांगोळीवर पाय पडला की अव्वा, आमची आई, पोटरीवर फटका द्यायची. पांढरी रेघ दिसली की पाय अडतो, नाहीतर ओलांडून पलीकडे पडतो. मला विचारत नाही.
भीत भीत शिंद्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. फुली पुसली, काळी चिकटपट्टी लावली. पहिल्याच वेळी बरोबर. डायरेक्टर म्हणाले, "मग इतके दिवस काय झालं होतं?"

७, गुरुवार
होटगी स्टेशनातला शॉट आज समजला. भाऊ गाव सोडून जातो. मी फलाट संपतो तिथून धावत रुळाजवळ येते, थांबते, एक वाक्य म्हणते, समोरून गाडी जाते. न थांबणारी मेल. भावाचं डब्यातलं वेगळं घेणार. गाडीच्या वाऱ्यानं पदर उडाला पाहिजे. किती जवळ, विचारलं. डायरेक्टरांनी हातानं दाखवलं.
खडीवर चिकटपट्टी बसत नाही. वीट ठेवली तर अडखळून पुढं जाईन. धावताना लांबून दिसायला हवी म्हणून खूण चुन्याची.
म्हणजे पांढरी.
अलीकडे थांबले तर नुसता शॉट जाईल. पण ओलांडून पडला पाय तर

अक्का म्हणते, "सरळ नाही म्हण की. जिवापेक्षा लई मोठं हाय का ते?" नाही म्हटलं तर पुण्याची एक मुलगी तयारच आहे. मॅनेजर माझ्यासमोरच बोलतात तिच्याविषयी. अप्पांनी इथल्या साऱ्या शुक्रवार पेठेत मी सिनेमात आहे म्हणून सांगून ठेवलंय.

९, शनिवार
पहाटे अव्वाच्या आधी उठले. मागच्या अंगणात रांगोळीची फुली काढली आणि धावत येऊन तिच्यावर उभी राहायला लागले. आधी अलीकडे. मग पलीकडे, दोनतीनदा. मग एकदा बरोबर वर. अंगावर काटा आला.
वळून बघितलं तर अव्वा दारात. "एन् माडाकत्ती?" रागावली की ती कानडीत जाते. काय करतेय, काय सांगू? गाडीचं तर बोलूच शकले नाही. मारलं नाही तिनं. झाडू आणला, फुली झाडून टाकली, मग तांब्या आणून माझ्या पायावर पाणी ओतलं.
फटका दिला असता तर बरं वाटलं असतं.

१०, रविवार
सुट्टी. काही खाल्लं नाही. अव्वाला उपास म्हणून सांगितलं. खोटं.

११, सोमवार
होटगी. सकाळपासून खडीवरून नुसतं धावून बघितलं, गाडी नसताना. एकदा ओलांडलं. शिंद्यांचा चेहरा उतरला, पण डायरेक्टरांपाशी बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मन धजत नसेल तर अजूनही सांगा. मी फोकसचं कारण काढतो." नको म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.
मेल आली. जमीन आधी हलते, आवाज मागून. शिंद्यांनी हात वर केला, मी धावले. चुना दिसला. पाय अडायला लागला तसा मी तो जोर करून टाकला. वर. बरोबर वर. डबेच डबे, डोळ्यात कोळसा. वाक्य म्हटलेलं आठवत नाही. म्हटलं म्हणतात.
टाळ्या. टाच पांढरी झालेली. अक्का तोंडात पदर धरून बसली होती.
डायरेक्टर पहिल्यांदाच खांद्यावर हात ठेवून बोलले. "शाब्बास. आता तुझ्यावर भरवसा आला. पदर हवा तसा उडाला नाही बघ. उद्या हीच मेल. खूण वीतभर पुढं घेऊ."
मी हो म्हटलं.
घरी आलो. जेवताना अप्पांनी विचारलं, कसं झालं? "बरोबर खुणेवर," म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की दोन घास जास्त जेवले. उद्या दुकान बंद ठेवून बघायला येणार आहेत.