मातीत जाणारी पिशवी

प्रिय रुपालीताई,

एका बोटाने टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नकोस. नववीत शाळा सोडलेल्या बहिणीचं पत्र आहे, चालवून घे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून मेल.

गेल्या महिन्यात आमच्या मांजरी गावातल्या नर्सरीत राडा झाला. मालकांनी, म्हणजे तात्यारावांनी, रोपांसाठी मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या आणल्या होत्या. दिसायला प्लॅस्टिकच, पण रोप पिशवीसकट लावायचं, पिशवी मातीतच कुजून जाते. आम्ही मात्र सगळं काळ्या पिशव्यांसारखंच केलं. ऑर्डर यायच्या आधीच भरून ठेवल्या, दोन टाइम पाणी मारलं, उन्हाळा म्हणून भोवती ओलं गोणपाट. एका सोसायटीची रोपं टेम्पोत चढवायला घेतली, तर कढीपत्ता माझ्या हातात आणि पिशवीचं बूड जमिनीवर. सगळी रांगच तशी. माझ्याबरोबर पिशव्या भरणाऱ्या विमलाबाई म्हणाल्या, "पिशवी हाय का भिजलेला पापड?" सगळे खो खो हसले. तात्याराव म्हणाले, बास झाली थेरं, उद्यापासून परत काळ्या पिशव्या.

आणि ताई, मी बोलले. मी! गिऱ्हाईक आलं की शेडमागे पळणारी. म्हटलं, कुजते म्हणूनच आणली ना? मग कुजली तर ओरडता कशाला? चुकलो आपण, पिशवी नाही. आवाज फाटला, तरी थांबले नाही. आठवतं, आईने परसात लिंबू पिशवीसकट लावलेलं? वाढेचना. उपटलं तेव्हा मुळं आत वेटोळं करून बसलेली आणि काळी पिशवी नवीकोरी. तेही सांगितलं.  तात्याराव म्हणाले, "एवढं तोंड हाय व्हय तुला? मग आता तूच निस्तर."

निस्तरलं. उरलेल्या पिशव्या माळ्यावर कोरड्यात नेल्या. आता ऑर्डर आली की मगच भरते, पाणी बेतानं घालते. त्याच सोसायटीला परत रोपं गेली, एकही पिशवी फुटली नाही. तिथल्या काकांना मीच सांगितलं, पिशवी काढू नका. त्यांनी सवयीने एक टराटरा फाडलीच. परत सांगितलं, जरा जोरात.

तर सोमवारपासून मी तुझ्या ऑफिसात कामाला येत नाहीये. रिसेप्शनला बसलीस की बोलायला शिकशील, असं तू म्हणालीस. शिकले, इथेच. तुझ्या साहेबांना सांगून टाक. खुशाल रागाव, पण नाही म्हणजे नाही.

तुझीच, आता न पळणारी,
संस्कृती

अगं, शेजारच्या गोदाबाईंनी बॉयकट केलाय! त्यांचाच कुत्रा त्यांच्यावर भुंकतोय.