पंक्चर झालं की माणूस घरी येतं

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

चि. समाधान यास,
अ. उ. आ.

बातमी पाहिली नि लगेच तुला फोन लावला. ओझरला तुझं विमान सुसाट निघालेलं असताना टायर फुटला, पायलटने उडण्याआधीच आवरलं, सगळे सुखरूप, असं कळलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आईला टायर एवढंच समजलं. बाबा पेठच्या रस्त्यावर जीप चालवायचे, तेव्हा पंक्चर झालं की कितीही उशीर होवो, पायी घरी यायचे. त्यामुळे समाधान आता माघारी येतो बघ, म्हणत तिने मला तुझ्यासाठी नागलीच्या भाकरी टाकायला लावल्या. पुढच्या आठवड्यातल्या तिच्या ऑपरेशनला पोरगा जवळ राहणार म्हणून दुखणंच विसरली. दाराला कडीही लावू दिली नाही.

तू आला नाहीस. निदान खुशाली तरी कळवा, साहेब!

तुझी काळजी करणारी,
सुवर्णाताई

दिल्ली
९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. विमानवाल्यांनी रातोरात बसने मुंबईला नेलं, नाहीतर मी घरी आलो नसतो का? आईला तसं नीट सांग. रजाही संपली होती, तुला ठाऊकच आहे.

त्यांनी सकाळी नाश्ता बरा दिला. समोर खिडकीत पांडवलेणीचा डोंगर, आणि मला आईच्या भाकरीची फार आठवण आली. नाशिक सुटत नाही गं.

रागावू नकोस, माया राहू दे.
तुझा, समाधान

इंदिरानगर, नाशिक
१६ फेब्रुवारी

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

आईचं ऑपरेशन नीट झालं. तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. रातोरात मुंबईला नेलं हे ऐकून तिने विमानवाल्यांना शिव्या घातल्या. मग नाश्त्याची ओळ आली. मी अडखळले, पण तोवर वाचून झाली होती.

खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं रे! मुंबईच्या कुठल्या खिडकीतून पांडवलेणी दिसते? आपल्या गॅलरीतून दिसते. त्या सकाळी आई तिथेच तुझी वाट बघत बसली होती. मला तुझा संताप आला, अजून गेलेला नाही. आईने फक्त विचारलं, म्हणजे तो इथंच होता का. मी हो म्हणाले.

काल टीव्हीवर पुन्हा कुठल्याशा विमानाचा टायर फुटल्याची बातमी लागली. आईने टीव्ही बंद करायला सांगितला, आणि भाकरी दोघींपुरत्याच टाक म्हणाली.

कळावे. लोभ तुला झेपेल तेवढाच ठेव.
सुवर्णा