उजव्या दाराचे हँडल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, धंदा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या दारांची मूळ कुलपे आणि हँडले दुरुस्त करणे, आज राहत्या घरी, कोणाचाही दाब वा आग्रह नसताना, माझ्या मागे काय कोणाचे हे ठरवून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते जोडण्याची गरज नाही असे वकील म्हणाले. अक्षर तिचे आहे, कारण माझे मलाच लागत नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते बायकोला. यात माझे उपकार काही नाहीत. घर तिच्या शाळेच्या पगारावर उभे राहिले. मी फक्त दारे बसवली, आणि त्यातले न्हाणीघराचे आजही आतून लागत नाही. घरी येणारा पाहुणा गाणे म्हणत अंघोळ करतो.

कलम २. दोनशे बारा जुन्या चाव्या मुलीला. त्या काळी या गाड्यांच्या चाव्या ठरावीक नंबरांच्या असत आणि नंबर पुष्कळदा कुलपावरच ठोकलेला असे. म्हणजे चोराला वाचता आले की पुरे. अशा कुलपांसाठी मी आयुष्य वेचले, हे तिने आपल्या मुलांना जरा बेताने सांगावे.

कलम ३. चव्वेचाळीस मोडकी हँडले जावईबापूंना. ते त्यांना भंगार म्हणतात. मी पंचवीस वर्षे रागावलो, पण मोजताना लक्षात आले की त्यातले एकही धड नाही. तरी टाकू नयेत. निदान वर्षभर तरी.

कलम ४. क्रोम चढवणाऱ्या गृहस्थांनी माझे एक हँडल हरवले होते. मी त्यांना माफ केले अशी लोकांची समजूत आहे. केले नव्हते. आता करतो. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. हे कलम लांब आहे. वकिलांनी दोनदा कापले, मी दोनदा परत घातले.

मला एक धाकटा भाऊ आहे. वडिलांच्या वर्कशॉपात आम्ही दोघे बरोबर शिकलो. एकाच बनावटीच्या दोन दोन-आसनी गाड्या भंगारातून उचलल्या, एक त्याची, एक माझी, आणि नऊ वर्षे खपून उभ्या केल्या. हात त्याचा चांगला होता. तोंड माझे चांगले होते. त्यामुळे नाव माझे झाले. अस्सल हँडल मी नुसते तळहातावर ठेवून ओळखतो, डोळे मिटून, असे मी सांगत असे. लोक विश्वास ठेवत. मीही ठेवत असे.

एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या संघाने प्रदर्शन भरवले आणि मला परीक्षक नेमले. भावाची गाडी स्पर्धेत होती. मी त्याच्या उजव्या दाराचे हँडल काढायला लावले. एका हातात ते घेतले, दुसऱ्या हातात माझ्या गाडीचे, त्याच बाजूचे. त्याचे हलके लागले. मी अकरा माणसांसमोर म्हणालो, "हे नकली आहे. विकणाऱ्याने तुला फसवलं, नाहीतर तू आम्हाला फसवतोयस."

तो म्हणाला, "दादा, तुझ्या गाडीचं डावं पण काढून बघ."

मी म्हणालो, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्याने हँडल परत बसवले, स्क्रू घट्ट केले आणि गाडी घेऊन गेला. सोमवारी वर्कशॉपातून आपली हत्यारे नेली. हा खऱ्याच्या नावाखाली नकली माल बसवतो, असे गावभर झाले. गिऱ्हाईक तुटले. मग तो लोखंडी कपाटांच्या कारखान्यात लागला आणि निवृत्त होईपर्यंत कपाटांना कुलपे बसवत राहिला. आम्ही बोललो नाही. मला वाटे, तोंड कुठल्या तोंडाने दाखवणार तो.

गेल्या वर्षी मी हे मृत्युपत्र करायला घेतले. मी सांगत होतो, बायको लिहीत होती. "उजव्या दाराचे मूळ, अस्सल हँडल," असे मी म्हणालो आणि तिने पेन खाली ठेवले.

"हे मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "उद्या खोटं ठरायचं."

"खोटं काय त्यात?"

"अहो, ते माझ्या हातून मोडलं होतं. प्रदर्शनाच्या आधी चार महिने. तुम्ही पॉलिश करून ओट्यावर वाळत ठेवलं होतंत. मी कुकर उतरवायला गेले आणि धक्का लागला. मानेपाशीच तुटलं. नळाच्या तोट्या ओततात ना, त्यांच्याकडून तसंच पितळेचं करून आणलं. क्रोमही चढवून घेतलं."

"आणि मी ओळखलं नाही?"

"कुलूप तुमचंच होतं, ते वेगळं काढून ठेवलेलं. त्यावरचा नंबर बघून तुम्ही खूश झालात. म्हणालात, याची सर नव्या मालाला नाही."

मी उठून हँडल काढले आणि आतल्या बाजूने कानस मारली. मूळ हँडल जस्ताच्या मिश्रधातूचे असते, आतून राखाडी. हे पिवळे निघाले. पिवळे निघाले म्हणून हळहळणारा माणूस माझ्याखेरीज दुसरा झाला नसेल. पितळ जस्ताहून जड. भावाचे हलके होते, कारण ते खरे होते. तोटीच्या मापाने मी माझ्या सख्ख्या भावाला तोलले होते.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारले.

"प्रदर्शनानंतर आले होते सांगायला. तुम्ही पाहुण्यांना तेच हँडल हातात देत होतात. मग मी भावोजींना जाऊन सांगितलं. त्यांनी मला कुणाला न सांगायची शपथ घातली." पेन उचलून म्हणाली, "शपथ होती म्हणून मला बरंच पडलं. तेही खरं आहे. लिहू का?"

लिही म्हणालो. तिने लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाकडे गेलो. दार त्यानेच उघडले. चष्म्याची काच तडकलेली होती, आणि मला आधी तीच दिसली.

मी म्हणालो, "तुझं हँडल खरं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आत ये, चहा टाकलाय."

"सगळं कळल्यावर तरी चारचौघांत बोलायचंस."

"बोललो असतो तर तुझ्याकडे काय राहिलं असतं, दादा? मला कुठेही काम मिळालं असतं. तुझा सगळा धंदा त्या तळहातावर." त्याने बशी माझ्याकडे सरकवली. "आणि राग होताच. तू स्वतः कधी येतोस ते बघत होतो. फार वेळ लावलास."

मी चहा बशीत ओतला. तो माझ्याकडे न बघता आपला पीत राहिला.

संघाच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि हे सगळे सांगितले. त्या अकरांपैकी चौघे हयात होते, आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी कागदावर लिहून दिले. वाचून तो मोठ्याने म्हणाला, "मग बक्षीस कोणाचं?" अध्यक्षांनी भावाचे नाव इतिवृत्तात घेतले. भाऊ सभेला आला नव्हता.

कलम ६. वर्कशॉप वडिलांचे. निम्मे भावाचे आहेच, ते देणारा मी कोण? माझे निम्मे मुलीला. काका-पुतणीने काय ते ठरवावे.

कलम ७. ~~माझी दोन-आसनी गाडी, उजव्या दाराच्या पितळी हँडलासह, धाकट्या भावाला.~~

कलम ७ खोडले त्याची हकिकत: आज सह्या करायला बसलो तेव्हा दुसरे साक्षीदार, म्हणजे शेजारचे शिंपी, आले नाहीत. भाऊ आला होता, त्याला मीच बोलावले होते. तो म्हणाला, "मी करतो सही."

वकील म्हणाले, "तुम्हाला करता येणार नाही. ज्याला यातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. नाहीतर तुमचा हक्क जाईल."

"काय मिळतंय मला?"

"गाडी."

भावाने बायकोकडे हात पुढे केला. "वहिनी, पेन द्या." ते कलम त्याने स्वतः खोडले, पट्टी लावून, सरळ. मी म्हणालो, अरे, नऊ वर्षांची मेहनत आहे ती. तो म्हणाला, "गाडी मला आहे एक. हा शुद्धीवर होता असं उद्या चारचौघांत सांगायला कोणीतरी लागेल. बाकी कोणावर लोक विश्वास ठेवणार नाहीत."

सबब माझी गाडी आता मुलीला. खाडाखोड माझ्यासमोर झाली आणि मला कबूल आहे. याआधी केलेले सर्व कागद रद्द समजावेत, तोंडी केलेली विधाने तर नक्कीच.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: १४ मार्च २०२३, दुपार.

सही: लिहून देणार.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्याने सही केली, तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता.

साक्षीदार पहिले: डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. या मृत्युपत्राने यास काहीही मिळत नाही.