रत्नाबाईचा लाल पट्टा

सोमवार, १० नोव्हेंबर
कोळवणातून सकाळच्या एसटीनं निघाले आणि पौड रस्त्यावरच्या या दवाखान्यात थाटात दाखल झाले. मी सांगते, नात ऋतिका लिहिते. ती काय लिहिते ते मला वाचता येत न्हाई, म्हणून तिची चंगळ. खाट बटणावर वर-खाली होते. गुरुवारी सुईनं माझ्या कलेजीचा तांदळाएवढा तुकडा काढणार, तपासायला. मोनिका सिस्टरनं मनगटात पांढरा पट्टा घातला. म्हणाली, कुणीही हात लावण्याआधी नाव विचारील, ते तुमीच सांगायचं. चंद्रकला, म्हटलं. सत्तर वर्षांत एवढ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवार, ११
शेजारच्या रत्नाबाईला खिडकी, आणि वर लाल पट्टा! डॉक्टर तिच्यापाशीच घोटाळतात, गोळ्या विचारतात. मोठ्या घरची दिसते. माझ्या नशिबी पांढरा. जळते मी, तसंच लिही. ऋतिका नको म्हणाली. म्हटलं, हात तुझा, जळणं माझं.

बुधवार, १२
गंमत ऐक. रत्नाबाई माझ्यावर जळते! तिची सुई पुढं ढकलली, माझी उद्याच. तिचं भात कापून शेतात पडलंय, घरी जायची लई घाई. मोनिका आज रजेवर. मी खिडकी मिळवली. कशी, ते सांगणार न्हाई. तू चुगली करशील.

गुरुवार, १३, सकाळ
रत्नाबाईला माझ्या जागी सुईला नेऊन आणलं. आता सांगते. काल साबण लावून पट्टे बदलले, खाटाही. माझं नाव तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिघांनी विचारलं, तिघांना तिनं ठणकावून माझंच सांगितलं. आता उजव्या कुशीवर पडलीय. हसत न्हाई.
ऋतिका, अशी काय बघतेस?

गुरुवार, थोड्या वेळानं
पोरीनं माझा लाल पट्टा वाचला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. सुई लावू नये.
मला वाटलं, मान असतो—
रत्नाबाई पांढरी पडतेय. पोट फुगलंय. पडदा ओढला. आत डॉक्टरांच्या सारख्या हाका, चंद्रकला, चंद्रकला. मीच मरतेय जणू—

पिशवी आणली. रक्ताची. माझ्या नावाची, माझ्या रक्तगटाची—
नवी सिस्टर विचारतेय, आजी, नाव सांगा—
आतून बारीक आवाज. अजून घोकलेलंच. चंद्र—
पोरी, वही टाक. धाव. ओरड, ती मी न्हाई, ती र