विहिरीवर आपली घागर

अलमेलू,
गाढ झोपलीस म्हणून उठवलं नाही. कपाळाला हात लावून पाहिला, ताप पार उतरलाय. विठ्ठल पावला.

मी समोर विशालाक्षीकडे पेज घेऊन जाते. तिच्या घरी तिघांना हाच इन्फ्लुएंझा झालाय. सकाळी विहिरीवर म्हणाली, "मामी, घागर लांब ठेवा. तुमच्या सुनेनंच गल्लीत ताप आणला." मी हळूच विचारलं, "सुनेचं हे दुसरं लग्न झाल्यापासून महिनाभर तुम्ही आमचा उंबरा ओलांडला नाही, मग तुमच्याकडे कोणी आणला गं?" शेवटी तिनंच रडत रडत माझी घागर भरून दिली.

माझ्या तुळशीच्या प्रदक्षिणा राहिल्यात, तोवर माझं पान वाढू नकोस. तुझी पेज चुलीवर आहे. ती पिऊन वेणी घाल, ठसठशीत कुंकू लाव आणि पुढच्या ओट्यावर बस. सगळ्यांना नीट दिसू दे.